नाव कुणाचे? – जुन्या फुटबॉल संघांच्या नावांची गोष्ट

गेल्या वर्षी गणेशोत्सवात आपल्या मंडळाच्या मुलांनी फुटबॉलचे सामने घेतले. चार संघ, प्रत्येकी सात खेळाडू आणि वीस-वीस मिनिटांचा खेळ. सामन्यांच्या दोन दिवस आधी मुले माझ्याकडे आली. एकाच्या वडिलांच्या कपाटात महिंद्र युनायटेडचा जुना लाल जर्सी सापडला होता. "काका, आम्ही आमच्या टीमला हेच नाव देणार. तसेच जर्सी छापून घेतो. उरलेले स्टॉलवर विकू, वर्गणीला मदत होईल," मुले उत्साहाने म्हणाली. मीही लगेच होकार दिला. डिप्लोमाच्या दिवसांत मुंबईला कूपरेज मैदानावर त्या संघाला खेळताना पाहिले होते, त्यामुळे मन जरा हळवे झाले.

संध्याकाळी आरतीनंतर प्रसाद घेताना हा विषय निघाला. आपल्यातले एक वकील स्नेही म्हणाले, "अहो इंजिनियर साहेब, मुलांनी त्या नावाने खेळायला कुणाची हरकत असणार नाही. पण जर्सी विकायला लागलात की तो व्यापार झाला. नाव त्या कंपनीचे आहे." त्यावर आमच्या ऑफिसातले एक सहकारी, मूळचे कोलकात्याचे, एकदम उसळून म्हणाले, "कंपनीचे कसे? नाव सपोर्टरचे असते!" मग पाऊण तास वाद रंगला आणि प्रसाद तसाच द्रोणात राहिला. शेवटी सचिवांनी नेहमीप्रमाणे तोडगा काढला. "साहेब, तुम्ही स्मरणिकेत यावर लिहा." त्या आज्ञेचे हे फळ.

आपल्या नगराचेच नाव

सुरुवात घरापासून करू. आपण राहतो ते विद्याधर नगर १९८० च्या दशकात आखले गेले. आराखडा बाळकृष्ण दोशी यांचा. ते १९२७ साली पुण्यात जन्मले आणि पुढे जगप्रसिद्ध झाले. नगराला नाव मात्र विद्याधर भट्टाचार्य यांचे दिले गेले. १७२७ साली सवाई जयसिंहांनी जयपूर वसवले, तेव्हा त्याची आखणी करणारे हे मूळ बंगाली घराण्यातले विद्वान. म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वीचे नाव उचलून नव्या वस्तीला लावले. कुणी हरकत घेतली नाही, कारण त्या नावावर कुणाचे दुकान चालत नव्हते. आज आपल्याच स्टेडियमवर राजस्थान युनायटेडचे आय-लीगचे सामने झालेले आपल्यापैकी काहींनी पाहिले आहेत. हा संघ २०२१ सालचा, अगदी नवा. पण 'राजस्थान' हे नाव भारतीय फुटबॉलमध्ये नवे नाही. कोलकात्यातील मारवाडी समाजाच्या राजस्थान क्लबने १९५५ साली आयएफए शिल्ड जिंकली होती. परगावी गेलेली माणसे आपल्या मुलखाचे नाव मैदानावर घेऊन उतरतात. आपण इथे गणपती बसवतो, त्यामागची भावना याहून फार वेगळी नाही.

मुंबई : कंपनीबरोबर आले, कंपनीबरोबर गेले

मुंबईत फुटबॉल जुना आहे. रोव्हर्स कप १८९१ साली सुरू झाला. आरंभीची अनेक वर्षे तो गोऱ्या पलटणींच्याच हाती राहिला. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने तो जिंकला, तेव्हा प्रथमच तो भारतीय संघाकडे आला. पुढे हैदराबाद सिटी पोलिसांनी १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे तो नेला. स्वातंत्र्यानंतर मुंबईतले मोठे संघ म्हणजे बहुतेक कंपन्यांचे आणि सरकारी खात्यांचे संघ. कॅलटेक्स, टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया आणि आपली रेल्वे. कॅलटेक्सने १९५८ साली रोव्हर्स कप जिंकला. रेल्वेच्या संघाने साठच्या दशकात तीन वेळा संतोष ट्रॉफी जिंकली, हे आपल्या खात्यातल्या नव्या मुलांना सांगावे लागते.

अशा संघात खेळाडूला नोकरी मिळे, पगार मिळे, खेळून झाल्यावर पेन्शनचीही सोय होई. गिरणगावातल्या आणि उपनगरांतल्या कितीतरी घरांचा संसार त्यावर उभा राहिला. पण संघाचे नाव म्हणजे कंपनीचेच नाव. कंपनीने हात आखडला की संघ गेला आणि नावही गेले.

महिंद्रचा संघ १९६२ पासूनचा. पुढे तो महिंद्र युनायटेड झाला. २००५-०६ च्या मोसमात त्याने राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. प्रशिक्षक होते गोव्याचे डेरिक परेरा. कोलकाता आणि गोव्याच्या संघांना मागे टाकून मुंबईच्या संघाने लीग जिंकली, याचे आम्हाला केवढे अप्रूप होते! २०२५ मध्ये भारतीय संघाचे प्रशिक्षक झालेले खालिद जमील हेही त्या संघातून खेळलेले. आणि २०१० साली मोसम संपल्यावर तो संघ बंद झाला. रोव्हर्स कपही त्याआधीच, २००१ च्या सुमारास थांबला होता.

आता समजा मुंबईच्या काही मंडळींनी ठरवले की आपण हा संघ पुन्हा उभा करू. खेळाडू मिळतील, मैदान मिळेल. पण नाव? ते मोटारी आणि ट्रॅक्टर विकणाऱ्या उद्योगसमूहाचे नाव आहे आणि ते रोजच्या वापरात आहे. त्यांच्या परवानगीवाचून ते कुणालाही लावता येणार नाही. इथे भांडणच उद्भवत नाही, कारण प्रेक्षकाचा हक्क सुरुवातीपासूनच नव्हता. आम्ही टाळ्या वाजवल्या, घसे कोरडे केले, पण नाव आमचे कधीच नव्हते.

गोव्यात थोडे वेगळे घडले. धेंपो, साळगांवकर ही खाणमालक घराण्यांची नावे, पण गोव्यात गावोगावी फुटबॉल असल्यामुळे लोकांनी ती आपली मानली. धेंपो संघ पाच वेळा राष्ट्रीय विजेता झाला. २०१६ साली नव्या लीग-रचनेच्या वादातून गोव्याचे हे जुने संघ राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर पडले. धेंपोने मात्र गोव्याच्या लीगमध्ये आणि तरुण मुलांत काम चालू ठेवले आणि २०२४-२५ च्या मोसमात तो आय-लीगमध्ये परतला. नाव वापरात राहिले म्हणून परतता आले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

कोल्हापूर : पेठेचे नाव

आता कोल्हापूरला चला. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, फुलेवाडी, प्रॅक्टिस क्लब ही सगळी फुटबॉल संघांची नावे आहेत! कुस्तीच्या तालमी आणि पेठांची तरुण मंडळे चेंडूच्या नादी लागली. १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली. शाहू स्टेडियमवर आजही पेठ विरुद्ध पेठ असा सामना असला की हजारो माणसे गोळा होतात. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला.

या संघांना पुरस्कर्ते मिळतात, जर्सीवर जाहिरात येते, पण संघाचे नाव तालमीचेच राहते. तीच तालीम गणपतीही बसवते आणि पेठेतल्या अडीअडचणीलाही धावते. तिथे नाव विकायला काढायचे कुणाच्या डोक्यात येत नाही. आपला गणपती कुणी विकायला काढतो का?

कोलकाता : होडी आणि तिच्यावरची तीन अक्षरे

आमच्या सहकाऱ्याच्या उसळण्याचे कारण मोहन बागान. १८८९ साली स्थापन झालेल्या या क्लबने २९ जुलै १९११ रोजी आयएफए शिल्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवले. अकरापैकी दहा जण अनवाणी खेळले होते. त्या दिवसापासून हा संघ केवळ संघ राहिला नाही. पुढे १९७७ साली पेले ज्या न्यूयॉर्क कॉसमॉस संघाकडून खेळत होते, तो कोलकात्यात आला, तेव्हा ईडन गार्डन्सवर मोहन बागानने त्याला २-२ असे बरोबरीत रोखले.

पण नावाला भूक भागवता येत नाही. १९९८ साली एका मद्य उद्योगसमूहाने मोहन बागान आणि त्याचा कट्टर प्रतिस्पर्धी ईस्ट बंगाल या दोघांच्याही फुटबॉल कंपन्यांत निम्मा हिस्सा घेतला. एकाच्या नावाआधी मॅकडॉवेल लागले, दुसऱ्याच्या आधी किंगफिशर. लोकांनी नाक मुरडले, पण पैसा हवा होता.

खरा वाद २०२० साली झाला. आरपी-संजीव गोयंका समूहाने मोहन बागानच्या फुटबॉल कंपनीत ऐंशी टक्के हिस्सा घेतला. या समूहाचा इंडियन सुपर लीगमध्ये आधीच एटीके नावाचा संघ होता. तो २०१४ साली ॲटलेटिको दे कोलकाता म्हणून सुरू झालेला आणि लीग तीनदा जिंकलेला. दोन्ही मिळून एटीके मोहन बागान असा संघ झाला. हिरवा-तांबडा जर्सी राहिला, बोधचिन्हातली होडीही राहिली, पण तिच्यावर ए, टी, के ही तीन अक्षरे आली.

समर्थकांचे म्हणणे सरळ होते. सहा वर्षांचे नाव एकशे तीस वर्षांच्या नावाच्या पुढे कसे? मालकांची बाजूही अगदीच चुकीची नव्हती. पैसा त्यांचा, लीगमधली जागा त्यांची, मग आपले नाव का पुसावे? तीन वर्षे ही तीन अक्षरे काढण्याची मागणी चालू राहिली. १८ मार्च २०२३ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर संघाने लीग जिंकली आणि त्याच रात्री संजीव गोयंका यांनी जाहीर केले की संघाचे नाव यापुढे मोहन बागान सुपर जायंट असेल. 'सुपर जायंट' हेही समूहाचेच बिरुद, पण ते शेवटी आले आणि मोहन बागान पुढे. आमचा सहकारी त्या रात्री झोपला नाही, असे तो स्वतः सांगतो.

ईस्ट बंगालची तऱ्हा निराळी. १९२० साली स्थापन झालेल्या या क्लबने २०१८ साली क्वेस कंपनीशी भागीदारी केली. ती २०२० साली संपली, तेव्हा प्रश्न आला की खेळाचे हक्क कुणाकडे? ते कंपनीने परत दिल्याशिवाय क्लबला आपल्याच नावाने लीगमध्ये उतरता येईना. जुलैमध्ये ते परत मिळाले. मग श्री सिमेंट आली, म्हणजे आपल्या राजस्थानातल्या ब्यावरची कंपनी. अंतिम करारातल्या अटींवर क्लबचे पदाधिकारी सही करीनात आणि २०२१ च्या उन्हाळ्यात समर्थक रस्त्यावर उतरले. २०२२ साली ते हक्कही परत आले आणि इमामी हा नवा भागीदार आला. चार वर्षांत तीन भागीदार! यावरून एक गोष्ट दिसते. नाव शंभर वर्षांचे असले तरी कागदावर काय लिहिले आहे, यावर ते मैदानात उतरणार की नाही हे ठरते.

परदेशातले दाखले

हे आपल्याकडेच घडते असे नाही. इटलीत फ्लॉरेन्स शहराचा फिओरेंतिना संघ २००२ साली दिवाळखोरीत बुडाला. गावकऱ्यांनी नवा संघ काढला, पण जुने नाव मिळेना. म्हणून 'फ्लोरेन्शिया व्हिओला' अशा नावाने तो चौथ्या पायरीपासून खेळू लागला. नव्या मालकांनी २००३ साली पैसे मोजून जुने नाव विकत घेतले, तेव्हा फिओरेंतिना पुन्हा फिओरेंतिना झाली.

रुमानियात स्टेआवा बुखारेस्ट हा मूळचा लष्कराचा संघ. १९८६ साली त्याने युरोपियन कप जिंकला. पुढे तो खासगी मालकाकडे गेला. लष्कराने दावा लावला की नाव आमचे, ते आम्ही दिलेलेच नाही. २०१४ साली निकाल लष्कराच्या बाजूने लागला. २०१७ साली खासगी संघाला एफसीएसबी एवढ्या आद्याक्षरांवर समाधान मानावे लागले आणि लष्कराने जुन्या नावाने दुसरा संघ मैदानात उतरवला. विजय कुणाचे, यावर मात्र दोघे भांडतच राहिले.

अमेरिकेत टॅम्पा बे राउडीज हा १९७५ सालचा विजेता संघ. तो कधीच बंद पडला होता. २०१० साली नवा संघ तेच नाव घेऊन उतरणार होता, पण जुन्या संघांच्या नावांचे कपडे विकणारी एक कंपनी आडवी आली. कोर्टकचेरी झाली आणि दोन मोसम त्या संघाला एफसी टॅम्पा बे म्हणून खेळावे लागले. २०११ च्या अखेरीस नाव सुटले. म्हणजे संघ मेला तरी त्याचा टी-शर्ट जिवंत होता, आणि कायद्याच्या दृष्टीने तो टी-शर्टही महत्त्वाचा ठरला.

सिॲटलमध्ये उलट घडले. नव्या संघासाठी २००८ साली लोकांचे मत मागवले, पण दिलेल्या पर्यायांत सत्तरच्या दशकातले 'साउंडर्स' नव्हतेच. लोकांनी ते स्वतः लिहून पाठवले आणि तेच नाव ठेवावे लागले.

मला सर्वांत भावते ती विम्बल्डनची गोष्ट. मोहन बागानप्रमाणेच हा क्लबही १८८९ सालचा. २००३ साली मालकांनी संघ दूरच्या मिल्टन कीन्स गावी हलवला. त्याआधीच, २००२ साली, समर्थकांनी वर्गणी काढून एएफसी विम्बल्डन नावाचा आपला संघ काढला आणि अगदी तळाच्या पायरीवरून खेळायला सुरुवात केली. २००७ साली मिल्टन कीन्सच्या संघाने जुने चषक आणि सन्मान विम्बल्डन ज्या मर्टन भागात येते, तिथल्या नगरपालिकेच्या स्वाधीन केले. ते चषक कुठल्याही मालकाकडे न जाता गावाकडे गेले, हे मला फार समंजसपणाचे वाटते.

कायदा काय म्हणतो

वकील स्नेह्यांकडून समजून घेतलेले थोडक्यात सांगतो. आपल्याकडे ट्रेडमार्क कायदा १९९९ चा, तो सप्टेंबर २००३ पासून लागू झाला. नाव किंवा चिन्ह ज्या मालासाठी वा सेवेसाठी वापरायचे, त्या वर्गात नोंदवावे लागते. असे एकूण ४५ वर्ग आहेत. कपडे २५ व्या वर्गात येतात, तर खेळ आणि करमणूक ४१ व्या. नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुन्हा पुन्हा वाढवता येते. नोंदवलेले नाव सलग पाच वर्षांहून अधिक काळ वापरलेच नाही, तर ते काढून टाकण्याची मागणी कुणी करू शकतो. आणि नोंदणी नसली तरी जो आधीपासून सचोटीने नाव वापरत आला आणि ज्याने नावलौकिक कमावला, त्यालाही कायदा संरक्षण देतो. दुसऱ्याच्या नावलौकिकावर आपला माल खपवणे चालत नाही.

माझ्या रेल्वेच्या डोक्याला हे असे समजते. डेक्कन क्वीन १ जून १९३० रोजी सुरू झाली. तेव्हाचे डबे कुठे आहेत? इंजिने बदलली, चालवणारी कंपनी गेली, सरकारी रेल्वे आली, २०२२ साली नवे एलएचबी डबे लागले. तरी पुणेकर म्हणतो, 'आमची क्वीन'. का? गाडी रोज धावते म्हणून. उद्या तीच गाडी वीस वर्षे यार्डात उभी ठेवली आणि मग कुणी खासगी माणसाने बसला तेच नाव दिले, तर पुणेकर रागावेल, पण त्याच्या हातात फारसे काही उरणार नाही. म्हणजे नावाला दोन आधार लागतात. एक कागद आणि दुसरा रोजचा वापर. महिंद्र युनायटेडपाशी कागद आहे, पण संघ नाही. कोल्हापूरच्या तालमींपाशी वापर आहे आणि पेठेची माया आहे. कोलकात्याला वापर आणि माया दोन्ही होती, पण पैशासाठी कागदावर सह्या केल्या आणि मग नाव सोडवताना दमछाक झाली.

आणि आपले मंडळ?

वाचकहो, एवढे सगळे लिहिताना माझ्या मनात आपल्या मंडळाचाच विचार येत होता. ज्या मंडळींनी पहिली मूर्ती आणली, पाच-दहा रुपयांच्या पावत्या फाडल्या, त्यांतले काही आज नाहीत. काही निवृत्त होऊन महाराष्ट्रात परतले. जुनी पावतीपुस्तके, पहिल्या ठरावाची वही, मंडळाचा शिक्का हे सगळे कुणाकुणाच्या घरी विखुरलेले आहे. आपल्या नावाला पुरस्कर्ते विचारू लागले आहेत. मंडपाच्या कमानीवर मंडळाच्या नावाआधी आपले नाव घालण्याची मागणी दर वर्षी कुणीतरी करते. पैशाची गरज असते, आणि 'काय बिघडते' असे आपण म्हणून जातो. कोलकात्यातही सुरुवात अशीच झाली होती.

म्हणून तीन सूचना करतो. पहिली, जुनी कागदपत्रे एकत्र करून त्यांच्या प्रती मंडळाच्या कपाटात ठेवाव्यात. दुसरी, राजस्थान संस्था नोंदणी कायदा १९५८ खालचे आपले कागद वेळेवर अद्ययावत ठेवावेत आणि सर्वसाधारण सभेत एक साधा ठराव करावा की मंडळाचे नाव आणि चिन्ह मंडळाचे आहे, कुणा एका व्यक्तीचे किंवा पुरस्कर्त्याचे नाही. तिसरी, पुरस्कर्त्याचे नाव कमानीवर जरूर घालावे, पण खाली आणि स्वतंत्र ओळीत. मंडळाच्या नावाला चिकटवू नये. यात पुरस्कर्त्यांचा अनादर नाही. उलट ज्या नावाला आपण स्वतः जपतो, त्याच्याच शेजारी बसण्यात त्यांना मान वाटेल.

राहता राहिले आपल्या मुलांचे सामने. त्यांनी महिंद्र युनायटेडचा नाद सोडला. जर्सी विकायचे होते, त्यामुळे वकील काकांचे ऐकणे भाग पडले. रात्री बसून त्यांनी चार नावे काढली, सगळी आपापल्या सेक्टरच्या आकड्यांवरून. मला आधी ती फारच रुक्ष वाटली. पण अंतिम सामन्यात सेक्टरची पोरे, त्यांच्या आया, आज्या आणि शेजारची राजस्थानी मंडळी असे सगळे जण मैदानाच्या कडेला उभे राहून आपापल्या सेक्टरचा आकडा ओरडू लागले, तेव्हा कळले की नाव असेच जन्माला येते. कूपरेजवरचा तो लाल जर्सी मुलाच्या वडिलांनी पुन्हा कपाटात घडी करून ठेवला आहे. तो तिथेच बरा आहे.

यंदा चार संघांचे सहा होणार आहेत. नावे तीच राहू द्या, एवढेच मुलांना सांगितले आहे.

गणपती बाप्पा मोरया!